टिमथी सिंड्रोम: थाळीतल्या मेंदूपेशींच्या भरवशावर माणसांवर चाचणी करावी का?

कॅल्शियमी
टिमथी सिंड्रोममध्ये सीएसीएनए१सी जनुकातलं एकच अक्षर बदलतं. कॅल्शियमची वाहिनी उघडते, पण वेळेवर मिटत नाही. त्यातून हृदयाची लय बिघडते, बोटं जुळलेली असतात, स्वमग्नता, फिट्स. या जनुकात ८ए आणि ८ असे दोन पर्यायी एक्झॉन (आरएनएत उतरणारे जनुकाचे तुकडे) आहेत. आरएनएत एकच येतो. बिघाड ८ए मध्ये. एरवी विकासात पेशी ८ए कडून ८ कडे वळतात, रुग्णांच्या पेशींत ते वळणच अडतं. स्टॅनफर्डच्या सर्जिउ पाश्का यांच्या गटाने २०२४ साली दाखवलं की अँटिसेन्स तुकड्याने (आरएनएला चिकटणाऱ्या छोट्या कृत्रिम साखळीने) ८ए गाळला की ८ येतो आणि वाहिनी पुन्हा मिटू लागते. आजार इतका दुर्मिळ आहे की माझ्या मते एवढा पुरावा चाचणीला पुरे.

पेट्रीवाला
अजिबात पुरे नाही. हा पुरावा ज्यातून आला त्या ऑर्गनॉइडची (रुग्णाच्या पेशींपासून थाळीत वाढवलेल्या मेंदूऊतीच्या गोळ्याची) कृती बघा: सुरुवातीचे दिवस डॉर्सोमॉर्फिन आणि एसबी-४३१५४२ देऊन एसएमएडी संकेत दाबायचा, म्हणजे पेशी चेतापेशींकडे वळतात, मग २४व्या दिवसापर्यंत ईजीएफ आणि एफजीएफ२, मिलिलिटरला २०-२० नॅनोग्रॅम, पुढे बीडीएनएफ आणि एनटी३, ही सगळी वाढीची प्रथिनं. गर्भात संकेत शेजारच्या ऊतींकडून, जागेगणिक कमी-जास्त येतात. इथे सगळ्या गोळ्याला एकच सूप. शिवाय रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे गोळा काही मिलिमीटरचा झाला की गाभा ऑक्सिजनअभावी मरतो. आणि रुग्णाची पेशी भलत्याच निरोगी माणसाच्या पेशीशी ताडली, तर फरक आजाराचा की माणसाचा? क्रिस्परने (जनुक-कात्रीने) दुरुस्त केलेली त्याच रुग्णाची पेशी शेजारी हवीच.

अक्षतंतू
शेवटचं मान्य. पण गाभ्याचा मुद्दा जुना झाला. २०२२ मध्ये याच गटाने ऑर्गनॉइड नवजात, थायमस नसलेल्या (म्हणून परक्या पेशी न नाकारणाऱ्या) रॅटच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाह्य थरात, बसवले. रक्तपुरवठा झाला, चेतापेशी थाळीतल्यापेक्षा साधारण सहापट मोठ्या झाल्या, आणि टिमथीच्या चेतापेशींच्या फांद्यांमधला (डेंड्राइट्स) दोष तेव्हा कुठे दिसला. अँटिसेन्सही अशाच रॅटच्या मस्तिष्कद्रवात देऊन तपासलंय.

आता साधं चॅनेल ब्लॉकर, म्हणजे वाहिनी अडवणारं औषध, का नको, तर इंटरन्यूरॉनचं (इतर चेतापेशींना आवर घालणाऱ्या पेशींचं) गर्भातल्या मेंदूतलं स्थलांतर बघा. या पेशी उड्या मारत सरकतात. टिमथीत उड्या जास्त, पण आखूड. उडीची लांबी वाहिनीतून त्या क्षणी शिरणाऱ्या कॅल्शियमवर ठरते, म्हणून निमोडिपिन या ब्लॉकरने सुधारते. उड्या किती वेळा, हे मात्र गाबा या मेंदूतल्या संदेशरसायनाच्या ग्राहकांच्या संवेदनशीलतेवर. ब्लॉकर अर्धंच काम करतो.

पेट्रीवाला
ते स्थलांतर बहुतांशी जन्माआधीच उरकतं हो! निदान होईपर्यंत गाडी सुटलेली असते. दुसरं, ही मुलं मुख्यतः हृदयाच्या लयबिघाडाने दगावतात; मस्तिष्कद्रवात दिलेलं औषध तिथे काय करणार? आणि ज्यांचा दोष एक्झॉन ८ मध्येच आहे, त्यांना ८ कडे ढकलणं म्हणजे आगीत तेल.

कॅल्शियमी
म्हणून निवड जनुकचाचणीनेच करायची, एक्झॉन ८ वाले बाहेर. हृदयाला बीटा ब्लॉकर आणि गरजेप्रमाणे डिफिब्रिलेटर आहेतच, ते चालू ठेवून. मार्गाचं म्हणाल तर नुसिनर्सन (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीवरचं अँटिसेन्स औषध) कण्यातून, १२ मिलिग्रॅम, दोन महिन्यांत चार डोस आणि पुढे दर चार महिन्यांनी, असं २०१६ पासून मान्य आहे. सरकून झालेल्या पेशी परत हलणार नाहीत, कबूल. पण वाहिनी रोज उघडतेय, फिट्स रोजच्या कॅल्शियमवर अवलंबून असू शकतात.

अक्षतंतू
मग मोजायचं फिट्सच. मुलं मोजकी असणार, तेव्हा आधी काही महिने ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) आणि फिट्सची नोंदवही, आणि प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदींशी.