मदत हवी आहे: 'लेडी बी गुड' विमानातल्या ९ जणांची गोष्ट मुलांना सांगायची आहे, एका जागी अडलोय

नमस्कार मंडळी,

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं दरवर्षी पावसाळ्याआधी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शिबिर असतं. त्यातला "वाट चुकली तर काय करायचं" हा तास कायम माझ्याच गळ्यात पडतो. शिट्टी वाजवा, बॅटरी जपून वापरा, जागा सोडू नका असं सुरू केलं की पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत जांभया. म्हणून यंदा आधी गोष्ट, मग नियम असं ठरवलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ एप्रिल १९४३. लिबियात बेंगाझीजवळच्या सोलुक धावपट्टीवरून अमेरिकेची बी-२४ लिबरेटर विमानं इटलीतल्या नेपल्स बंदरावर हल्ल्याला निघाली. त्यात हे एक. पायलट हॅटन, सहपायलट टोनर, नेव्हिगेटर हेज, बॉम्ब टाकणारा वोराव्का, इंजिनियर रिपस्लिंगर, रेडिओवर लामॉट आणि शेली, मूर, ॲडम्स हे तोफची. नऊही जणांची ही पहिलीच मोहीम. निघतानाच वाळूचं वादळ. नेपल्सवर नीट दिसेना म्हणून बॉम्ब समुद्रात टाकून परत फिरले. रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटनने बेंगाझीजवळच्याच बेनिनाच्या रेडिओ केंद्राकडे दिशा विचारली. उत्तर मिळालं, ३३० अंश. म्हणजे तुम्ही अजून वायव्येला, समुद्रावर आहात. प्रत्यक्षात ते किनारा ओलांडून वाळवंटात शिरले होते. जवळजवळ दोन तास तसेच आत आत जात राहिले आणि इंधन संपत आल्यावर पहाटे दोनच्या सुमारास सगळ्यांनी उड्या मारल्या.

वोराव्काचं पॅराशूट नीट उघडलं नाही. बाकीचे आठ जण अंधारात एकमेकांना शोधून एकत्र आले आणि वायव्येकडे चालू लागले. सगळ्यांत मिळून पाण्याची अर्धी बाटली, रोज माणशी एक टोपण. आमच्या पोरांना दोन तासांच्या चढाला दोन लिटर पुरत नाही! समुद्र शंभरेक मैलांवर असेल असा त्यांचा अंदाज. तो होता चारशेच्या पुढे. टोनरच्या खिशातल्या डायरीत शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे: अजून मदत नाही, रात्र फार थंड.

विमान मात्र कुणी चालवत नसताना साधारण २६ किलोमीटर दक्षिणेला पोटावर घसरत उतरलं. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते वरून दिसलं आणि १९५९ मध्ये माणसं तिथवर पोचली, तेव्हा आत पाणी होतं, रेडिओ चालत होता. त्या आधीची सोळा वर्षं सगळे समजत होते की ते भूमध्य समुद्रात बुडालं.

तर माझ्या अडचणी दोन.

पहिली: ३३० अंश हे उत्तर चुकलं कसं? मुलांपैकी कुणीतरी "नेव्हिगेटर झोपला होता का, सर?" असं विचारणारच. नवखा पोरगा होता, सगळं त्याच्या माथी मारायला जीभ रेटत नाही. पण "यंत्रात दोष होता" एवढ्यावर आजकालची मुलं गप्प बसत नाहीत.

दुसरी: ही गोष्ट "जागा सोडू नका" या नियमासाठी वापरावी का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

खरखर:
पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो, आयुष्य रेडिओ दुरुस्तीत गेलं. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावा आणि संच आडवा धरून सावकाश गोल फिरवा. एका जागी आवाज अगदी बसतो. अर्धा फेरा फिरवलात की परत तिथेच बसतो. म्हणजे केंद्र कुठल्या रेषेवर आहे ते कळतं, पण रेषेच्या या टोकाला की त्या टोकाला ते कळत नाही. दिशा शोधणाऱ्या वेटोळ्याच्या अँटेनाचंही असंच असतं. टोक ठरवायला वेगळी जोड-अँटेना लागते. बेनिनाला मिळालेली रेषा बरोबर होती, टोक चुकलं. वायव्येकडून येणारं विमान डोक्यावरून आग्नेयेला निघून गेलं तरी त्याच रेषेवर राहतं: ३३० ऐवजी १५०. सहसा हेच कारण सांगितलं जातं. हेजला दोष देण्याआधी मुलांच्या हातात ट्रान्झिस्टर द्या.

रानवाट:
दुसऱ्यासाठी ही गोष्ट वापरू नका, स्पष्टच सांगतो. जागा सोडू नका हे आपल्याकडे चालतं कारण गावातली माणसं शोधायला येतात, आणि कुठे शोधायचं ते त्यांना ठाऊक असतं. यांचा शोध समुद्रावर चालू होता. थांबले असते तरी तिथेच गेले असते. दक्षिणेला चालले असते तर पाणी आणि रेडिओ मिळाला असता, पण विमान त्या बाजूला धड पडलंय हे त्यांना स्वप्नात तरी दिसलं असतं का?
माझ्या मते सांगण्यासारखं दुसरंच आहे. जाताना त्यांनी पॅराशूटच्या पट्ट्या दगडाखाली दाबून ठेवल्या, बूट बाणासारखे मांडले. १९५९ च्या शोधपथकाला माग लागला तो त्या खुणांवरूनच. फेब्रुवारी १९६० मध्ये पाच जण एका जागी सापडले: हॅटन, टोनर, हेज, ॲडम्स, लामॉट. मदत आणायला पुढे गेलेल्या तिघांपैकी शेली आणि रिपस्लिंगर त्याच वर्षी मे महिन्यात, बरेच पुढे. वोराव्का ऑगस्टमध्ये. मूर पुढे गेला तो गेलाच, अजून सापडलेला नाही. मुलांना खुणा करायला शिकवा.

मूळ धागाकर्ता:
दोघांचे आभार. खरखरकाका, माळ्यावरून बाबांचा ट्रान्झिस्टर काढला. सेल घालायच्या जागी हिरवा गंज चढला होता, तो पॉलिश पेपरने खरवडला, मग चालू झाला. ओट्यावर ठेवून फिरवला. बायको बातम्या ऐकत होती, दोनदा आवाज गेला आणि दोनदा ओरडा खाल्ला. रेषा कळली, टोक नाही.
रानवाट, पटलं. तास आता "खुणा कशा सोडाव्यात" असा करतोय. पण एक राहिलं: मूरचं नाव शेवटी घ्यावं की यादीत बाकीच्यांबरोबरच? शेवटी घेतलं की मुलं त्याच्यावरच अडून बसतील आणि मला पुढचं काही सांगू देणार नाहीत.

खरखर:
बसू देत की.