चीनमधल्या नाताळाला ‘नक्कल’ म्हणणे योग्य आहे का?

पूर्वरंग

डिसेंबर महिना आला की चीनविषयी दोन परस्परविरोधी बातम्या वाचायला मिळतात. एकीकडे शांघायच्या मॉलमधली उंचच उंच ख्रिसमस झाडे असतात आणि दुसरीकडे एखाद्या शहराच्या प्रशासनाने नाताळच्या सजावटीवर घातलेली बंदी असते. दोन्ही वाचून आपल्याकडे निष्कर्ष मात्र एकच काढला जातो, की चिनी तरुण पाश्चात्त्यांची आंधळी नक्कल करतात आणि सरकार तिला आवर घालू पाहते. नानजिंगमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना जे जवळून पाहिले, त्यावरून मला हा निष्कर्ष पटत नाही, म्हणून हा विषय चर्चेला घेत आहे.

मुख्य भूमीवरील चीनमध्ये २५ डिसेंबरला सुट्टी नसते. कचेऱ्या, शाळा, महाविद्यालये नेहमीसारखी चालू असतात, आणि विद्यार्थ्यांच्या मागे तर सत्रपरीक्षेचा अभ्यास लागलेला असतो. खरा उत्सव असतो तो २४ तारखेच्या संध्याकाळी. त्या रात्री मित्रमैत्रिणी एकमेकांना सफरचंद देतात, कारण मँडरिनमध्ये सफरचंदाच्या नावाचा उच्चार ‘शांती’च्या शब्दाशी जुळतो आणि त्या रात्रीचे चिनी नावच ‘शांतीची रात्र’ असे आहे. रंगीत कागदात गुंडाळून, फीत बांधून, पुठ्ठ्याच्या सुबक खोक्यात घातलेली ही सफरचंदे महाविद्यालयांच्या फाटकांबाहेर नेहमीच्या कितीतरी पट किमतीला विकली जातात. काही वर्षांपूर्वी मुलामुलींमध्ये अशीही एक समजूत होती की चोवीस वेगवेगळ्या आडनावांच्या लोकांकडून एकेक नाणे मागून घ्यावे आणि त्या पैशांत घेतलेले सफरचंद आवडत्या व्यक्तीला द्यावे. या दोन्हींपैकी एकही गोष्ट युरोपात नाही, अमेरिकेत नाही आणि बायबलमध्येही नाही.

शीआन शहरात तर त्या रात्री तरुणांचे जथे मिंग काळातल्या घंटाघराभोवती जमत आणि हवा भरलेल्या प्लास्टिकच्या हातोड्यांनी अनोळखी लोकांनाही हलकेच ठोसत हिंडत. दुकानांच्या काचांवर जो सांताक्लॉज दिसतो, त्याच्या हाती पुष्कळदा सॅक्सोफोन असतो. बीजिंगच्या वांगफुजिंग भागातल्या सेंट जोसेफ चर्चसमोर त्या रात्री जमणाऱ्या गर्दीत श्रद्धाळू ख्रिस्ती किती आणि नुसते कुतूहलाने आलेले किती, हे सांगणे अवघड जाते.

हे सगळे का घडले, याचे माझ्या मते एक सरळ कारण आहे. चिनी पंचांगातले मोठे सण घराचे आणि कुळाचे आहेत. वसंतोत्सवाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, गावी परतायचे असते, वडीलधाऱ्यांसमोर बसायचे असते, आणि लग्न कधी, पगार किती, या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. छिंगमिंगला पूर्वजांच्या कबरी झाडायच्या असतात. शरदातल्या चंद्रोत्सवालाही कुटुंबच एकत्र येते. शहरात एकटी राहणारी, बहुतांशी भावंडे नसलेली जी पिढी १९९० च्या दशकापासून पुढे वाढली, तिला मित्रांसोबत घालवायची एक रात्र हवी होती आणि पंचांगात अशी रात्र तिला सापडत नव्हती. नाताळची पूर्वसंध्या तिने त्यासाठी वापरली. बाहेरून नाव आणि दिवे घेतले, आतला मजकूर स्वतः लिहिला. याला मी नक्कल म्हणणार नाही. हा चिनी शहरांनी घडवलेला नवा सण आहे. मते वाचायला आवडतील.

निर्मळवासी

निरीक्षणे मोलाची आहेत, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. मी वसईची ख्रिस्ती आहे. आमच्याकडे नाताळला गावोगावी तरुण मंडळी येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे उभारतात, मध्यरात्रीची मिस्सा (सामूहिक उपासना) मराठीतून होते, आणि त्याच्या आधीचे आगमनकाळाचे चार आठवडे प्रार्थनेत आणि आत्मपरीक्षणात जातात. सणाचे दिवे, गोडधोड, नवे कपडे हे सगळे त्या मध्यबिंदूभोवती फिरते. तुम्ही ज्याला ‘आतला मजकूर स्वतः लिहिला’ असे म्हणता, तिथे ज्याचा जन्म साजरा करायचा तोच वगळला गेलेला आहे. मग उरते ते एका संध्याकाळचे खरेदीचे निमित्त.

माझा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. चीनमध्ये ख्रिस्ती माणसे नाहीत असे थोडेच आहे? चिनी सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेतच प्रोटेस्टंटांची संख्या ३ कोटी ८० लाखांहून अधिक आणि कॅथलिकांची सुमारे ६० लाख दिलेली आहे, आणि सरकारकडे नोंदणी नसलेल्या, घरांत प्रार्थनेसाठी जमणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांचा विचार केला तर ती याहून बरीच मोठी असावी असे अनेक अभ्यासक मानतात. या लोकांसाठी नाताळ हा वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस असतो आणि त्यांनाच तो मोकळेपणाने साजरा करता येत नाही. ज्या वेन्झौ शहराला ‘चीनचे जेरुसलेम’ म्हणतात, तिथले सांजियांग चर्च एप्रिल २०१४ मध्ये पाडले गेले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत झेजियांग प्रांतातल्या हजाराहून अधिक चर्चवरचे क्रूस उतरवले गेले. अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलांना प्रार्थनेला येण्यास मज्जाव आहे. चेंगडूच्या एका घरगुती मंडळीवर डिसेंबर २०१८ मध्ये, नाताळ दोन आठवड्यांवर आलेला असताना, छापा पडला आणि पुढच्या वर्षी तिचे धर्मगुरू वांग यी यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. मॉलमध्ये झाड चालते आणि चर्चवर क्रूस चालत नाही, अशा देशातल्या नाताळाला ‘नवा सण’ म्हणून गौरवणे मला जड जाते.

गाळा_नंबर

मी आयातीच्या व्यवसायात असल्यामुळे यीवूला जाणेयेणे असते, तेव्हा त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. यीवूच्या घाऊक बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत आणि जगातल्या नाताळच्या सजावटीचा निम्म्याहून मोठा हिस्सा या एका शहरातून आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांतून जातो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात दिसणाऱ्या झगमगत्या माळा आणि चांदण्याही बहुतेक तिथूनच आलेल्या असतात. तिथला नाताळ उन्हाळ्यात असतो. जुलै-ऑगस्टमध्ये माल जहाजावर चढवावा लागतो, त्यामुळे डिसेंबर उजाडतो तेव्हा कारखान्यांत पुढच्या हंगामाचे नमुने सुरू झालेले असतात आणि कामगारांना वसंतोत्सवाला गावी जाण्याचे वेध लागलेले असतात.

म्हणून ‘चिनी लोक नाताळ कसा साजरा करतात’ हा प्रश्न विचारताना कोणते चिनी लोक, हेही विचारायला हवे. ग्वेझौ किंवा हेनानच्या खेड्यातून आलेली, दिवसभर प्लास्टिकच्या फांद्या तारेवर गुंफणारी बाई शांतीच्या रात्रीचे सफरचंद घेत नाही. पूर्वरंग यांनी वर्णन केलेला सण महाविद्यालयीन आणि पगारदार शहरी वर्गाचा आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण ‘चिनी शहरांनी घडवलेला’ या शब्दांत त्या शहरांतला निम्मा माणूस बसत नाही, आणि त्या सफरचंदांच्या चढ्या भावापलीकडे त्यात टिकणारे काय आहे, हे मला अजून दिसलेले नाही.

कालगणना

इथे एक बाजू कुणीच मांडत नाही असे दिसते, म्हणून मांडतो. नाताळाला विरोध करणारे सगळे चिनी लोक सरकारच्या सांगण्यावरून बोलतात, असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. २००६ च्या डिसेंबरात बीजिंग, छिंगहुआ, रन्मिन अशा नामांकित विद्यापीठांतल्या दहा पीएचडी विद्यार्थ्यांनी एक जाहीर पत्र काढून आपल्या देशबांधवांना नाताळाकडे सावधपणे पाहण्याचे आवाहन केले होते. त्यांचे म्हणणे असे होते की लोक अजाणतेपणी वाहवत चालले आहेत आणि चिनी संस्कृतीने स्वतःच्या पायावर उभे राहायला हवे. २०१४ मध्ये छांगशा शहरात काही विद्यार्थी पारंपरिक हान पोशाख घालून असेच फलक घेऊन रस्त्यावर उतरले होते.

या भावनेला इतिहास आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांना चीनच्या अंतर्भागात फिरण्याचा आणि धर्मप्रसार करण्याचा हक्क १८५८ च्या तियानजिन तहांनी मिळाला, आणि ते तह ब्रिटन-फ्रान्सने चीनविरुद्ध केलेल्या दुसऱ्या अफूच्या युद्धात तोफांच्या धाकाने लादलेले होते. चिनी शाळेतल्या मुलाला हे पाठ्यपुस्तकातून शिकवले जाते. त्यात कोरियन युद्धाच्या आठवणीची भर आहे. सैनिक नाताळापर्यंत घरी परततील, अशी आशा दाखवत अमेरिकन जनरल मॅकआर्थर यांनी नोव्हेंबर १९५० मध्ये आघाडी उघडली, चिनी फौजांनी कडाक्याच्या थंडीत ती मोडून काढली, आणि २४ डिसेंबरला हंगनाम बंदरातून अमेरिकन सैन्याची माघार पूर्ण झाली. याच लढाईत छांगजिन सरोवराकाठी गोठून मेलेल्या आपल्या सैनिकांचे स्मरण त्या रात्री करावे, असे आज अनेक चिनी तरुण आपणहून म्हणतात. त्यांना संकुचित ठरवण्याआधी आपण हा विचार करावा की लादलेल्या तहांची आठवण असलेल्या समाजाने उसन्या सणाबद्दल साशंक असणे कितपत अस्वाभाविक आहे. आपले स्वतःचे सण मागे पडत असताना परक्या सणाला मोकळे रान मिळते, ही त्यांची तक्रार ऐकून तरी घ्यायला हवी.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. आधी कालगणना यांच्या शेवटच्या वाक्याविषयी लिहितो, कारण वादाचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते.

चिनी सण मागे पडले हे खरे आहे, पण ते नाताळाने मागे ढकललेले नाहीत. १९३० च्या सुमारास नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने आधुनिकतेच्या नावाखाली चांद्र नववर्षच बंद करण्याचा प्रयत्न केला, आणि लोकांनी तो जुमानला नाही. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत १९६७ मध्ये वसंतोत्सवाची सुट्टी रद्द झाली, ती देशभर पूर्ववत व्हायला १९८० साल उजाडले. छिंगमिंग, ड्रॅगन नौका उत्सव आणि चंद्रोत्सव यांना कम्युनिस्ट राजवटीत सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट २००८ मध्ये. पूर्वजांची पूजा, देवळांच्या जत्रा, कुळांची सभागृहे यांना ज्यांनी सरंजामी अंधश्रद्धा ठरवून मोडले, ते सफरचंद वाटणारे विद्यार्थी नव्हते. ती पोकळी राज्यकर्त्यांनी निर्माण केली, आणि आता तिथे जे उगवले त्यालाच दोष दिला जातो. २०१४ च्या नाताळाला शीआनच्या एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना संध्याकाळी बाहेर पडू न देता कन्फ्यूशियसवरच्या चित्रफिती पाहायला बसवले. ज्या कन्फ्यूशियसविरुद्ध १९७० च्या दशकात देशव्यापी मोहीम चालवली गेली होती, त्याच्यावरचे प्रेम सक्तीने एका रात्रीत कसे उत्पन्न होईल?

तहांचा इतिहास मी नाकारत नाही. पण नानजिंगमध्ये राहिल्यावर त्याच इतिहासाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. तिथले ड्रम टॉवर रुग्णालय १८९२ मध्ये एका मिशनरी डॉक्टरने स्थापन केले. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी फौजांनी शहरात कत्तल आरंभली, तेव्हा याच रुग्णालयात रॉबर्ट विल्सन नावाचे अमेरिकन शल्यचिकित्सक रात्रंदिवस जखमींवर उपचार करत होते, आणि मिनी वॉट्रिन यांनी जिनलिंग या मिशनरी महिला महाविद्यालयाचे आवार हजारो स्त्रियांना आश्रयासाठी खुले केले होते. तो काळही ऐन नाताळाचाच होता. नानजिंगचे लोक हे विसरलेले नाहीत. चिनी माणसाची ख्रिस्ती धर्माशी असलेली ओळख केवळ तोफांमधून झालेली नाही.

गाळा_नंबर यांचा वर्गाविषयीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. तो माझ्या मांडणीत यायलाच हवा.

निर्मळवासी

नानजिंगच्या उल्लेखाबद्दल मनापासून आभार, वॉट्रिन यांचे नाव इथे घेतले जावे याचा आनंद आहे. पण त्याच उदाहरणाने माझे म्हणणे पुढे जाते असे मला वाटते. वॉट्रिन यांनी त्या स्त्रियांसाठी जे केले ते सजावटीच्या बळावर केलेले नव्हते, त्यामागे श्रद्धा होती. तुम्ही सणाचा जो भाग ‘बाहेरून घेतला’ म्हणता, त्यात नेमकी हीच गोष्ट चीनच्या वेशीवर थांबवली गेली आहे, आणि ती तरुणांनी थांबवलेली नाही हे मलाही मान्य आहे.

मात्र बंदीचा मारा दोघांवर सारखा होत नाही, हे लक्षात घ्या. २०१८ मध्ये हेबेइ प्रांतातल्या लांगफांग शहराने रस्त्यांवरच्या नाताळच्या सजावटी आणि विक्री हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा दुकानदाराचा एका हंगामाचा धंदा बुडाला आणि विद्यार्थ्याची एक मजेची संध्याकाळ गेली. नोंदणी नसलेल्या मंडळीचे दार मोहोरबंद होते, तेव्हा जाते ते सगळे वर्ष. त्यामुळे चिनी नाताळाविषयी लिहिताना पहिला परिच्छेद सफरचंदांना आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात कुठेतरी ख्रिस्ती लोकांना जागा, हा क्रम मला मान्य नाही.

पूर्वरंग

क्रमाविषयीचा आक्षेप समजला, तरी एका बाबतीत माझे मत कायम आहे. बीजिंग-शांघायच्या चर्चमध्ये नाताळच्या रात्री शिरणारी जी कुतूहलाची गर्दी आहे, तिच्यातल्या कित्येकांनी त्या रात्री आयुष्यात प्रथमच भजने ऐकलेली असतात आणि येशूजन्माचे नाट्य पाहिलेले असते. चिनी प्रोटेस्टंट मंडळ्या नाताळाकडे वर्षातली सर्वांत मोठी संधी म्हणून पाहतात ती याच कारणाने. ज्यांना एरवी चर्चची पायरी चढण्याचे धैर्य होत नाही, ते त्या रात्री सणाचे निमित्त करून आत येतात. सफरचंदाचा सण आणि तुमचा सण यांच्यात भिंत असती तर असे घडले नसते. २०१७-१८ पासून ही गर्दी शाळा-महाविद्यालयांच्या सूचनांमुळे आणि चर्चबाहेरच्या बंदोबस्तामुळे आटत चालली आहे, आणि त्यात नुकसान दोन्ही बाजूंचे होते आहे.

निर्मळवासी

हे मान्य. त्या गर्दीसाठी दार उघडे ठेवणाऱ्या तिथल्या धर्मगुरूंना आणि प्रापंचिकांना काय किंमत मोजावी लागते, यावर कुणाला प्रत्यक्ष माहिती असेल तर अवश्य लिहावे. या धाग्यावर मला त्याचीच सर्वाधिक उणीव वाटते.