बी.एस्सी.साठी संभाजीनगरातील कोणते महाविद्यालय निवडावे?

प्रश्न: माझ्या भाचीला बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावयाचे असून ती पैठणहून रोज एस.टी.ने ये-जा करणार आहे. देवगिरी, सरस्वती भुवन आणि नागसेनवनातील मिलिंद विज्ञान यांपैकी कोणते निवडावे?

उत्तर १: नावापेक्षा प्रयोगशाळा पाहावी. प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र ब्युरेट (द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडण्याची काचनळी) येते, की चौघे मिळून तिने केलेल्या एकाच अनुमापनाचे (टायट्रेशनचे) आकडे उतरवून घेतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

उत्तर २: तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे अर्ज भरण्यापूर्वीच विचारावे, शुल्कात मोठा फरक पडतो.

उत्तर ३: डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये सुरू केलेल्या मिलिंदची परंपरा मोठी आहे आणि विद्यापीठही जवळ आहे. तरी रोजच्या प्रवासासाठी मला औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन अधिक सोयीचे वाटते.