हार्पर्स फेरी वीकेंड: पार्किंगचं ठरवा, रूम्स गुरुवारपर्यंतच होल्डवर आहेत

वैशाली, सोमवार रात्री

मंडळी,
चार्ल्स टाऊनच्या हॉटेलने रूम्स गुरुवार संध्याकाळपर्यंतच धरून ठेवल्यात, नंतर सोडून देणार. फॉर्म भरलाय पण पैसे आलेले नाहीत अशी बरीच नावं आहेत, त्यांनी उद्याच झेल ॲपने पैसे पाठवा प्लीज. शुक्रवारी रात्री पोचायचं, शनिवारी दिवसभर लोअर टाऊन (हार्पर्स फेरीचं नदीकाठचं जुनं गाव), रविवारी अँटीटम बघून घरी (ते यादवी युद्धाचं रणांगण), हे मीटिंगमध्ये ठरलंच आहे, त्यावर परत चर्चा नको.

अडलंय ते शनिवारी खाली गावात उतरायचं कसं यावर. गाड्या वर व्हिजिटर सेंटरला लावायच्या आणि तिथून पार्कची शटल बस. पानं रंगली की तो लॉट लवकर भरतो आणि ३४० नंबरच्या हायवेवर रांग लागते. या वेळी आजी-आजोबा मंडळी खूप आहेत, लुरेच्या ट्रिपला जे झालं ते मला परत होऊ द्यायचं नाहीये. कोणाच्या गाडीत किती जागा, कोणाबरोबर सीनियर्स, लगेच कळवा.

वैशाली

---

मिलिंद, सोमवार रात्री

ट्रेनचा विचार का नाही केला कोणी? स्टेशन खालच्या गावातच आहे, उतरलं की समोर जॉन ब्राऊनचा फोर्ट. गेदर्सबर्गला गाडी लावा, मार्कची लोकल ट्रेन पकडा, पार्किंग नाही शटल नाही काही नाही. सीनियर्सना तर ट्रेन मस्तच, पॉइंट ऑफ रॉक्स स्टेशनच्या पुढे नदी अगदी खिडकीशी येते. मी तिकिटांचं बघायला तयार आहे.

---

शिरीषकाका, मंगळवार सकाळी

मिलिंद, कल्पना चांगली आहे पण मार्कची ब्रन्सविक लाईन शनिवार-रविवार चालतच नाही. ती ऑफिसवाल्यांची गाडी, सकाळी डीसीकडे आणि संध्याकाळी परत. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तू जाशील आरामात, पण परत कसा येणार? राहिली ॲमट्रॅकची लांब पल्ल्याची गाडी. ती रोज आहे, पण दिवसातून एकच, आणि परतीची गाडी शिकागोहून रात्रभर प्रवास करून येते. वेळापत्रकात ती दुपारच्या आत हार्पर्स फेरीला असते, प्रत्यक्षात मालगाड्यांच्या मागे अडकली की दोन दोन तास उशीर. सत्तरीच्या माणसांना त्या प्लॅटफॉर्मवर बसवून ठेवायचं का, हा विचार करा.

बाकी त्या रेल्वेबद्दल मला बोलायला आवडेलच, मुलांनाही सांगणार आहे. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे आणि सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालवा, दोन्हींचं काम एकाच दिवशी सुरू झालं, ४ जुलै १८२८. दोघांनाही पश्चिमेकडे जायचं होतं आणि पोटोमॅक नदीच्या काठाने डोंगराच्या कुशीत जागा एवढीशी, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. कालवा हार्पर्स फेरीपाशी १८३३ मध्ये पोचला, रेल्वे १८३४ मध्ये. शेवटी रेल्वे जिंकली, पण कालव्याचा १८४.५ मैलांचा टो पाथ (बोटी ओढणाऱ्या खेचरांची काठावरची वाट) आज चालायला आणि सायकलला मिळतो, आणि तो पुलापलीकडेच आहे. तरुण मंडळींनी शनिवारी दुपारी तिकडे जरूर जावं.

शिरीष

---

मनीषा, मंगळवार सकाळी

> रविवारी अँटीटम बघून घरी

वैशाली, रविवारी कोजागिरी आहे हे सांस्कृतिक समितीने जूनमध्येच कॅलेंडरवर टाकलं होतं. हॉल सहा वाजता ताब्यात मिळतो, दूध आटवायला माझ्याबरोबर जे चौघं आहेत त्यातले तिघं तुमच्या ट्रिपला येतायत. अँटीटम करून, ट्रॅफिकमधून, सामान उतरवून ही माणसं सहाला हॉलवर कशी पोचणार? ट्रिप कमिटीने तारीख ठरवताना एक फोन केला असता तर बरं झालं असतं. ट्रिप करा, जरूर करा, पण रविवारी दोनपर्यंत सगळे घरी हवेत.

---

नितीन, मंगळवार दुपारी

अँटीटम काढू नका अशी कळकळीची विनंती. हार्पर्स फेरी आणि अँटीटम ही एकच गोष्ट आहे, एक बघून दुसरं सोडणं म्हणजे नाटकाचा दुसरा अंक न बघता उठून जाणं. यादवी युद्धात १५ सप्टेंबर १८६२ ला दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने हार्पर्स फेरी घेतलं, साडेबारा हजारांच्या आसपास युनियनचे (उत्तरेचे) सैनिक शरण आले. गाव खोलगट, तिन्ही बाजूंनी उंचवटे, त्या उंचवट्यांवर तोफा चढवल्या की खालच्यांना काही करता येत नाही, हे तिथे उभं राहिलं की एका क्षणात कळतं. दोनच दिवसांनी १७ तारखेला अँटीटम. ए. पी. हिलचं डिव्हिजन हार्पर्स फेरीहून सतरा मैल चालत दुपारी तिथे पोचलं आणि दक्षिणेचा सेनापती ली हरता हरता वाचला. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांच्या आसपास मेलेले, जखमी आणि बेपत्ता. अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात रक्तरंजित दिवस. आपली मुलं इथे वाढतायत, त्यांना हे दाखवायचं नाही तर काय दाखवायचं?

सकाळी आठला हॉटेल सोडलं तर अकरापर्यंत होतं, मनीषा.

---

अंजली, मंगळवार दुपारी

मला फक्त पायऱ्यांचं कोणीतरी नीट सांगा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय, सपाटीवर व्यवस्थित चालतात पण उतार आणि पायऱ्या नको असं डॉक्टरांनी बजावलंय. आई कराडची, तिला संगम बघायचाच आहे, पंधरा दिवस तेच चाललंय, "दोन नद्या मिळतात ना तिथे, मग मला न्या." कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, इथे कशा भेटतात ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

---

प्रसाद, मंगळवार संध्याकाळी

आम्ही मेरीलँड हाईट्सचा डोंगर चढणार, साडेचार मैलांचा आहे जाऊन येऊन, वरून सगळं गाव आणि दोन्ही नद्या दिसतात. सीनियर्सना तिकडे नेता येणार नाही हे उघड आहे. ट्रेलहेडपाशी गाडी लावायचा विचार कोणी करू नका, जागा अगदी मोजक्या आहेत आणि रस्त्याकडेला लावली तर दंडाचं तिकीट मिळतं. लोअर टाऊनमधूनच पादचारी पूल ओलांडून जायचं.

---

शिरीषकाका, मंगळवार रात्री

अंजली, तुझ्या बाबांचं मी सांगतो, माझाही गुडघा तसाच आहे. शटल खाली शेनंडोआ स्ट्रीटच्या टोकाला सोडते, तो रस्ता सपाट आहे. तिथून फोर्ट, संग्रहालयं आणि नद्या मिळतात तो पॉइंट, सगळं पायऱ्या न चढता होतं. जेफरसन रॉककडे जायचं नाही. सेंट पीटर चर्चच्या बाजूने दगडात कोरलेल्या ओबडधोबड पायऱ्या आहेत, पावसाने ओल्या असल्या तर धडधाकट माणूसही घसरतो. पुलावर मात्र त्यांना जरूर ने. रेल्वेच्या पुलालाच लागून चालायची वाट आहे, मध्यावर थांबलं की डावीकडून पोटोमॅक, उजवीकडून शेनंडोआ, दोन्ही एका नजरेत. तिथूनच मागे फिरायचं. पलीकडे टो पाथवर उतरायला आम्ही गेलो तेव्हा लोखंडी गोल जिना होता, तो त्यांच्या कामाचा नाही.

आणि एक. शेनंडोआ स्ट्रीटच्या एका इमारतीच्या कोपऱ्यावर पुराच्या खुणा लावल्यात, कोणत्या साली पाणी कुठपर्यंत चढलं ते. १९३६ चा पूर सगळ्यात मोठा, ती खूण मान वर करून बघावी लागते. कराडच्या माणसाला ते बघून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

---

सुहासकाकू, मंगळवार रात्री

पार्कचे एका गाडीला २० डॉलर आहेत. माझ्याकडे सीनियर पास आहे, माझ्या गाडीतल्या सगळ्यांचं त्यात होतं. ज्यांचे आई-वडील व्हिजिटर व्हिसावर आलेत त्यांनी त्यांच्या वयावर तो पास मागू नये, तो सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो, बासष्टच्या पुढे. गेटवर उगाच वाद होतो. तेव्हा पासवाल्यांच्या गाड्या आधी भरा, तेवढे पैसे वाचतात आणि गाड्याही कमी होतात.

---

मिलिंद, मंगळवार रात्री

सुहासकाकूंचं बरोबर आहे पण मुख्य मुद्दा राहतोच. शटलसाठी सीनियर्सना उभं का ठेवायचं? ड्रायव्हरने त्यांना गाडीने थेट खाली गावात सोडावं, मग रिकामी गाडी वर नेऊन लावावी आणि स्वतः शटलने खाली यावं. विमानतळावर आपण हेच करतो ना.

---

शिरीषकाका, मंगळवार उशिरा

शनिवारी ऑक्टोबरमध्ये नाही. हाय स्ट्रीट इतकी अरुंद आहे की समोरून गाडी आली तर एकाला थांबावं लागतं, दोन्ही बाजूंना माणसं, मधे स्ट्रोलर्स, आणि तू दार उघडून आजींना उतरवणार, वॉकर डिकीतून काढणार, मागे दहा गाड्या. मी हे होताना बघितलंय, उतरणारी बाई इतकी घाबरली की रस्त्यातच बसली. शटलला व्हीलचेअरची सोय आहे, ड्रायव्हर थांबतात, घाई करत नाहीत. सकाळी लॉट मोकळा असतो तेव्हा बससाठी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही. अडचण संध्याकाळची आहे. पाचच्या सुमाराला सगळं गाव एकदम परत निघतं आणि बसची रांग लांबत जाते. सीनियर्सनी साडेतीनलाच निघावं, एवढंच करायचंय.

---

नितीन, बुधवार सकाळी

शिरीषकाकांना पूर्ण अनुमोदन. फक्त ते "जॉन ब्राऊनचा फोर्ट" मुलांना दाखवताना एक सांगा, ही इमारत आता मूळ जागेवर नाही. मुळात ते शस्त्रागाराचं बंब ठेवायचं घर. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री ब्राऊन आपली माणसं घेऊन आला, गुलामांना शस्त्रं देऊन उठाव करायचा बेत होता, शेवटी त्याच घरात कोंडला गेला आणि रॉबर्ट ई. लीच्या हाताखालच्या मरीन्सनी दार फोडून त्याला पकडलं. नंतर ते घर विटा सुट्या करून १८९३ च्या प्रदर्शनासाठी शिकागोला नेलं, परत आणून एका शेतावर उभं केलं, मग १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजच्या आवारात, आणि १९६८ मध्ये आत्ताच्या जागी. मूळ जागा रेल्वेच्या भरावाखाली गेली, तिथे एक छोटा स्तंभ आहे, लोक बघतही नाहीत.

आणि त्या रात्री पहिला कोण मेला ते सांगाच. हेवर्ड शेफर्ड, स्टेशनवर सामान सांभाळणारा कृष्णवर्णीय माणूस, आधीच स्वतंत्र असलेला. गुलामगिरी संपवायला आलेल्यांच्या गोळीने गेला. माझ्या मुलीने मागच्या वर्षी यावरून मला जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं अजून माझ्याकडे नाहीत, पण तिने ते विचारले याचा मला फार आनंद आहे.

आपलं हॉटेल चार्ल्स टाऊनला आहे, ब्राऊनवर खटला तिथेच चालला आणि २ डिसेंबर १८५९ ला फाशीही तिथेच. शनिवारी रात्री जेवणानंतर कोर्टहाऊसपर्यंत चक्कर मारू, कोण येतंय?

---

मनीषा, बुधवार सकाळी

नितीन, सगळं मान्य, पण माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही. दूध कोण आटवणार?

---

वैशाली, बुधवार दुपारी

सगळ्यांचं वाचलं. मनीषाताईंशी फोनवर बोलले. आता असं करू या, यात बदल सुचवायचा असेल तर आज रात्रीपर्यंतच.

ट्रेन नाही. शिरीषकाका म्हणतात ते पटलं, रविवारी ॲमट्रॅक लेट झाली तर मनीषाताईंचा अख्खा कार्यक्रम अडकेल. मिलिंद, तू तिकिटांऐवजी गाड्यांचा तक्ता सांभाळ, तुझ्याइतकं नीट कोणी करणार नाही.

शनिवारी सीनियर्सच्या गाड्या हॉटेलवरून साडेआठला निघतील, बाकीच्यांनीही नऊच्या पुढे रेंगाळू नका. सुहासकाकूंसारखे ज्यांच्याकडे पास आहेत त्यांच्या गाड्या आधी भरायच्या. शटलने सगळे एकत्र खाली, फोर्टपाशी भेटायचं. प्रसादचा ग्रुप तिथून पूल ओलांडून डोंगरावर. अंजलीचे आई-बाबा, देशपांडे आजी आणि बाकी सीनियर्स शिरीषकाकांबरोबर, पुलाच्या मध्यापर्यंत आणि मागे. घडीच्या खुर्च्या आणा, तिथे बसायला बाक आहेत पण शनिवारी रिकामे मिळणार नाहीत. साडेतीनच्या बसने सीनियर्स वर, त्यांच्याबरोबर दोन ड्रायव्हर लागतील, एक मी. दुसरं कोण?

रविवारी दोन तुकड्या. नितीनबरोबर ज्यांना अँटीटम बघायचंय ते आठला चेकआउट करून जातील आणि अकराला तिथून निघतील, नितीन, ही वेळ तू पाळायचीस. दुधाची टीम अँटीटमला येणार नाही, नाश्ता करून थेट घरी. मला वाईट वाटतंय कारण त्या तिघांनाही यायचं होतं. पण हॉलला दोनशे माणसं येतात आणि कोजागिरीला दूध वेळेवर मिळायलाच हवं.

पुढच्या वर्षी दोन्ही कमिट्या तारखा एकत्र बसून ठरवतील, हे मी इथे लेखी देतेय.

वैशाली

---

प्रसाद, बुधवार दुपारी

साडेतीनचा दुसरा ड्रायव्हर मी होईन. आम्ही लवकर चढायला लागू म्हणजे दोनपर्यंत खाली येऊ. पण माझी गाडी सेडान आहे, वॉकर एकच मावेल.

---

मनीषा, बुधवार संध्याकाळी

ठीक आहे. आभार वैशाली. केशर आणि वेलची माझ्याकडे आहे, बदाम-पिस्ते कोणी सोलून, बारीक करून शुक्रवारच्या आत आणून दिले तर बरं होईल. ट्रिपला न जाणाऱ्यांपैकी कोणी?

---

अंजली, बुधवार रात्री

पैसे पाठवले. आईला सगळं वाचून दाखवलं, शिरीषकाका, तिने विचारलंय की पुलावरून आगगाडी जात असताना पूल हलतो का, तिला ते आधी माहीत असलेलं बरं. आणि मिलिंद, तुझ्या तक्त्यात आम्ही पाच जण लिही, त्यात एक बूस्टर सीटवाला. तुझ्याकडे जास्तीची बूस्टर असेल तर उद्या सांग, नाहीतर मी शेजारच्यांची मागून आणते.