मदत हवी आहे: मोठ्याने वाचून दाखवता येतील अशा रहस्य / गूढ / विज्ञानकथा सुचवा (आणि पानशेतच्या पुरावरची एक जुनी कथा शोधतेय)

नमस्कार मंडळी. आधी गरज काय आहे ते सांगते, मग इतक्यात काय काय वाचून झालंय आणि कसं वाटलं तेही लिहिते, म्हणजे तीच तीच नावं परत यायला नकोत.

माझ्या बाबांना डोळ्यांच्या मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) त्रास आहे. कडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही, त्यामुळे घरात वावरतात व्यवस्थित पण अक्षर लागत नाही. आयुष्यभर पुस्तकात डोकं घालून बसलेला माणूस, आता पेपरचं हेडिंगसुद्धा विचारावं लागतं. म्हणून रात्री जेवणं झाली की मी वाचून दाखवते. ऑडिओबुक लावून दिलं होतं पण ते त्यांना झेपत नाही, म्हणजे ऐकू येतं सगळं छान, पण मध्ये बोलता येत नाही ना. "त्या बाईला थांब म्हटलं तर थांबते का ती?" असं म्हणून हेडफोन काढून ठेवले.

तर अट अशी की कथा एका बैठकीत संपली पाहिजे, अर्धा ते पाऊण तास. कादंबरी नको, दुसऱ्या दिवशी "हा कोण आता?" सुरू होतं आणि मग मागचं सांगण्यातच माझा घसा जातो. आणि हवं ते रहस्य, भय, गूढ, विज्ञान असलंच काहीतरी. सामाजिक नको. "ते सकाळी पेपरात झालं" हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

आता वाचलेलं. नारायण धारपांपासून सुरुवात केली कारण घरात तेच जास्त होते. मी कॉलेजात असताना धारप वाचले तेव्हा वर्णनाची पानं सरळ उडवायचे, कधी एकदाचं ते बाहेर येतंय एवढंच असायचं डोक्यात. मोठ्याने वाचताना उडवता येत नाही. आणि तेव्हा कळलं की भीती सगळी तिथेच साठवलेली असते, त्या खोल्या, तो जिना, तो वास, एखादी वस्तू जागेवर नसणं, हे सगळं सावकाश कानावर पडत राहिलं की बाबांसारखा कट्टर नास्तिक माणूससुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसतो. 'आजी' वाचली, तीच, २०१८च्या तुंबाड सिनेमातल्या त्या आजीच्या भागाचं मूळ (आणि तिचं मूळ परत स्टीफन किंगच्या कथेत, पण धारपांनी ती अशी काही आपल्या घरात आणून बसवलीय की परकी वाटत नाही). वाचून संपल्यावर बाबा म्हणाले, "म्हातारी माणसं म्हणजे भुतंच वाटतात का रे तुम्हाला?" आई आतून जोरात हसली.

रत्नाकर मतकरी वाचायला सगळ्यात सोपे. नाटकवाला माणूस असल्यामुळे असेल, पण कोण बोलतंय ते लगेच कळतं, आवाज बदलावा लागत नाही. शिवाय त्यांच्या कथेतलं वाईट हे बाहेरून येत नाही, घरातल्याच कोणाच्या तरी मनात आधीपासून असतं, आणि ते ऐकताना बाबा एकदम गप्प होतात. म्हणून मतकरी मी रोज वाचत नाही. झोप लागत नाही त्यांना नंतर, भीतीने नाही, विचाराने.

याउलट सुहास शिरवळकर. मला प्रचंड आवडतात, अमर विश्वासच्या कोर्टाच्या भानगडी तर फारच, पण पानभर नुसते संवाद, त्यात बोलणाऱ्याचं नावच नाही, मग मी एक वाक्य जाड आवाजात एक बारीक आवाजात असं करत बसते आणि तिसरा माणूस बोलायला लागला की संपलं. डोळ्यांनी वाचायचे लेखक आहेत ते. कोणाला जमत असेल तर कसं जमतं ते सांगा.

बाबुराव अर्नाळकर हा वेगळाच विषय. बाबांच्या शाळेच्या वयात झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक म्हणजे जीव की प्राण, हजाराच्या वर पुस्तकं लिहिलीत त्यांनी, आणि वर्गात बाकाखाली धरून वाचायची हा तेव्हा सगळ्यांचाच उद्योग. जुनी एक प्रत मिळाली, कागद इतका पिवळा की पान उलटताना कोपरा हातात येतो. कथा म्हणून आज काही फार राहिलेलं नाही, योगायोगावर योगायोग. पण वेग! परिच्छेद संपतो तिथे कोणीतरी दार ठोठावतंच. बाबा सगळं पुढचं आधीच सांगतात आणि बरोबर आलं की खूश. मला जरा कंटाळा येतो पण चालायचंच.

आणि आता जयंत विष्णू नारळीकर. खरं तर यांच्यामुळेच हा धागा काढलाय.

मला वाटलेलं की विज्ञानकथा मोठ्याने वाचताना पडेल. त्यात माहिती असते, कोणीतरी उभं राहून समजावतं, आणि तिथे ऐकणारा पेंगतो. 'यक्षांची देणगी' काढलं तेव्हा बाबांनी आधी त्यांचा आवडता किस्सा सांगितला (दर वेळी सांगतात), १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' कथा नारायण विनायक जगताप अशा खोट्या नावाने पाठवली, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. बरं. मग एका रात्री 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचायला घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय, कारण विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नाही, चाटून गेली. त्या वाक्याला बाबांनी हात वर केला. "थांब. परत वाच." परत वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे भाऊ हत्तीवरून उतरलेच नसणार!" आणि पुढची वीस मिनिटं कथा बाजूला, १४ जानेवारी १७६१ची दुपार सुरू, विश्वासराव पडले म्हणून भाऊ अंबारीतून उतरून घोड्यावर गेले, रिकामी अंबारी दिसली तसा फौजेचा धीर सुटला, वगैरे. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसासमोर सदाशिवरावभाऊंचा विषय काढल्यावर दुसरं काय होणार. सभेतल्या अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीचा प्रसंग आला तेव्हा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, सभा आणि अध्यक्ष हा बाबांचा जुना आजार.

पण गंमत पुढे आहे. शेवटी एक शास्त्रज्ञ मित्र गंगाधरपंतांना हे सगळं कसं शक्य आहे ते समजावतो, तिथे मी मनात म्हटलं की आता पेंगणार. तर तो भाग त्यांनी दोनदा वाचून घेतला! मग लक्षात आलं, की स्पष्टीकरण असणं हा प्रॉब्लेमच नाही. तिथे समजावणारा आणि ऐकणारा असे दोघं असतात, ऐकणारा शंका काढतो, अडतो, आणि बाबा त्याच्या बाजूने भांडतात. बोअर होतं ते दुसरंच. गेल्या काही वर्षांतल्या दिवाळी अंकांमधल्या भरपूर गूढकथा वाचून दाखवल्या, त्यात बऱ्याच ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात लेखक स्वतः पुढे येऊन सांगतो की ती मुलगी खरं तर मेलेली होती, आणि तो अमुक म्हणजे तमुकचा बाप होता. अहो कळलंय आम्हाला! दोन पानं आधीच कळलंय. बाबा अशा वेळी फक्त "हं" म्हणतात आणि चष्मा काढून ठेवतात, जो त्यांना तसाही उपयोगाचा नाही.

तर मला अशा कथा हव्यात जिथे ऐकणाऱ्याला मध्ये हात वर करावासा वाटेल. नवीन लेखक हवेत, गेल्या पंधरा-वीस वर्षांतले, कारण जुने बाबांना माहीत असतात आणि नवे मला माहीत नाहीत. विज्ञानकथेत विशेषतः. विनोदी रहस्यकथा असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त दवाखाना, आयसीयू असलं वातावरण नको सध्या, आणि लहान मुलांचे हाल नकोत, ते मलाच वाचवत नाही.

दुसरी मदत. बाबांना एक कथा आठवते, त्यांच्या मते सत्तरच्या दशकातला दिवाळी अंक, नवल किंवा धनंजय यापैकी काहीतरी, पण मुखपृष्ठ फाटलेलं होतं त्यामुळे तेही नक्की नाही. एक पोस्टमन आहे, त्याच्या बीटमध्ये शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या पत्त्यावर पत्रं यायला लागतात. वाडा पानशेतच्या पुरात, म्हणजे १२ जुलै १९६१ला, पडलेला. जागेवर नुसता दगडांचा ढीग. तो पत्रं परत पाठवत नाही, घरी ट्रंकेत ठेवतो, आणि पत्रांवरची तारीख हळूहळू मागे मागे जायला लागते, जूनकडे. शेवट बाबांना आठवत नाही. रोज नवीन शेवट सांगतात, कधी पोस्टमन पत्र उघडतो, कधी स्वतःच उत्तर लिहून लोकांना सावध करतो. आई म्हणते अशी कथाच नाही, ह्यांनीच रचलीय. शक्य आहे. पण कोणी वाचली असेल तर लेखक, अंक, वर्ष, जे आठवेल ते सांगा.

भर: दोघातिघांनी प्रतिसादांत विचारलंय की पुण्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुने अंक शोधलेस का, म्हणून. हो, अप्पा बळवंत चौकात चक्कर झाली, नवीन छापलेलं मिळतं, जुने दिवाळी अंक नाहीत. डेक्कनच्या फुटपाथवर अंक मिळतात पण गठ्ठ्यातून निघेल ते आपलं, मागून मिळत नाही. पुण्यात जुन्या दिवाळी अंकांच्या फायली बसून चाळू देणारं ग्रंथालय कुठलं, आणि त्यासाठी सभासद व्हावं लागतं का? एका ठिकाणी मला "काय संशोधन आहे?" असं विचारलं, आता काय सांगणार, बाबांना शेवट हवाय?

आणि प्लीज "सगळे मतकरी वाचा" असं मोघम नको, कथेचं नाव आणि संग्रहाचं नाव द्या. पीडीएफच्या लिंका पण नकोत, विकत आणेन.