मदत हवी आहे: चेर्नोबिलच्या कमानीतील आर्द्रता कशी रोखावी?

चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीवर २०१६ साली सरकवून बसवलेल्या, १०८ मीटर उंचीच्या पोलादी कमानीचा मी अभ्यास करीत आहे. तिच्या दोन आवरणांमधील पोकळीत कोरडी हवा किंचित जास्त दाबाने खेळवून सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवायची आणि शंभर वर्षे गंज रोखायचा, ही मूळ योजना होती. संपूर्ण रचनेतला हाच विचार मला सर्वांत सुंदर वाटतो. १४ फेब्रुवारी २०२५ च्या ड्रोन हल्ल्यात दोन्ही आवरणांना भोक पडले, मधले थर धुमसत राहिले आणि ते विझवण्यासाठी बाहेरच्या पत्र्याला शेकडो छिद्रे पाडावी लागली.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची निवेदने मी वाचली आहेत. भार पेलणारा सांगाडा शाबूत आहे, त्यामुळे प्रश्न त्याच्या ताकदीचा नाही. नुसत्या ठिगळाने पाऊस थांबेल, पण हवेचा दाब टिकणार नाही, हेही लक्षात आले आहे. अणुभट्टीच्या थेट वर माणसांना थोडाच वेळ काम करता येते, हे कृपया गृहीत धरावे.

पूर्ण दुरुस्ती होईपर्यंत पोकळीचे कप्पे पाडून प्रत्येकात स्वतंत्रपणे कोरडी हवा सोडणे शक्य आहे का, आणि गंजाचा वेग दुरून मोजण्यासाठी कोणते संवेदक तिथे टिकतील?