दुसऱ्याच्या हातची गिफ्ट कार्डे सवलतीत घ्यावीत का?

मांडवीतीर:

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, महिन्याभरावर आली की आमच्या ओळखीच्या टेलिग्राम गटांवर एकाच साच्याच्या जाहिराती फिरू लागतात. अमुक दुकानसाखळीचे १०,००० रुपयांचे गिफ्ट कार्ड ९,२०० रुपयांत, कोड लगेच मिळेल, शिल्लक आधी तपासून घ्या. गेल्या वर्षी मी असे एक कार्ड घेतले. धाकट्या बहिणीची नव्या घरातली पहिली चवथ होती आणि तिला वॉशिंग मशीन घेऊन द्यायचे ठरले होते. विक्रेत्याने कोड आणि पिन पाठवले. दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर मी स्वतः शिल्लक पाहिली, ती पूर्ण दहा हजार होती आणि मग मी यूपीआयने पैसे दिले. पाच दिवसांनी पणजीतल्या दुकानात काउंटरवर तोच कोड टाकला तेव्हा शिल्लक शून्य निघाली. आदल्या रात्री कोणीतरी त्या कोडावर ऑनलाइन खरेदी केली होती. टेलिग्रामवरचे ते खाते तोवर नाहीसे झाले होते.

या प्रसंगानंतर मी जो विचार केला तो येथे मांडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण नारळ कानाशी धरून हलवतो, पाणी वाजते का ते ऐकतो आणि मगच घेतो. ही परीक्षा उपयोगी पडते, कारण पैसे दिल्यावर नारळ माझ्या पिशवीत येतो आणि विकणाऱ्याकडे उरत नाही. गिफ्ट कार्डाचे तसे नाही. मला मिळालेला कोड विक्रेत्याकडेही जसाच्या तसा राहतो, आणि त्याला तो ज्याने दिला असेल त्याच्याकडेही राहतो. जो आधी वापरेल त्याची शिल्लक, एवढाच त्याचा नियम. शिल्लक तपासल्याने त्या क्षणी पैसे आहेत एवढेच कळते, ते माझे झाले आहेत असे सिद्ध होत नाही.

आता हिशोब पाहा. एका कार्डामागे ८०० रुपये वाचतात आणि कार्ड रिकामे निघाले तर ९,२०० रुपये जातात. म्हणजे साडेबारा कार्डांमागे एक जरी बुडाले तरी सगळी बचत संपते. सवलत तीनच टक्के असेल तर तेहतिसात एक बुडाले तरी पुरे. म्हणून माझे मत असे की अनोळखी पुनर्विक्रेत्याकडून गिफ्ट कार्ड घेऊच नये, सवलत कितीही असो. आपल्याला काय वाटते?

अंत्रुजकर:

आपल्या नुकसानाबद्दल मनापासून वाईट वाटते, परंतु आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

मी कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. दिवाळीला आमची कंपनी कपड्यांच्या एका मोठ्या साखळीचे ५,००० रुपयांचे कार्ड देते. त्या साखळीचे दुकान माझ्या घरापासून दूर आहे आणि तिथले कपडे माझ्या आईवडिलांच्या कामाचे नाहीत. ते कार्ड मी ४,७०० रुपयांना विकले तर त्यात अप्रामाणिक काय आहे? माझ्यासारखे हजारो कामगार आहेत, ज्यांच्याकडे नको असलेली कार्डे पडून राहतात आणि मुदत संपली की वाया जातात. तो पैसा शेवटी दुकानसाखळीच्याच खिशात राहतो. पुनर्विक्री पूर्णपणे चुकीची ठरवली तर अशा माणसाने काय करावे, याचे उत्तर आपल्या लेखनात मिळत नाही.

मी स्वतः तीन वर्षांत वीसेक कार्डे विकतही घेतली आहेत आणि एकही बुडाले नाही. माझे नियम साधे आहेत. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्यक्तीकडून कधीही घ्यायचे नाही. विक्रेत्याचे पैसे काही काळ स्वतःकडे अडवून ठेवणाऱ्या ऑनलाइन मंचावरूनच घ्यायचे आणि वस्तू आधी ठरवून, कोड हाती आल्याच्या तासाभरात तो खर्च करून टाकायचा. अमेरिकेत रेझ आणि कार्डकॅश यांसारख्या कंपन्यांनी याच व्यवहाराला ठरावीक मुदतीची पैसे परत करण्याची हमी जोडली आणि त्यावर अख्खा व्यवसाय उभा केला. आपण पाच दिवस थांबलात, तिथे घात झाला. त्यासाठी सगळ्या पद्धतीलाच दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

बार्देशकन्या:

अंत्रुजकर, आपले कार्ड प्रामाणिक आहे याबद्दल शंका नाही. पण विकत घेणाऱ्याला आपले कार्ड आणि चोरीचे कार्ड यांत फरक कसा दिसावा? दोन्हींवर सोळा आकडे आणि एक पिन, एवढेच असते.

ही स्वस्त कार्डे कुठून येतात ते सांगते. एखाद्याच्या क्रेडिट कार्डाचे तपशील चोरीला गेले की चोराला त्यातून रोख काढणे अवघड असते, म्हणून तो त्यावर गिफ्ट कार्डे घेतो आणि ती सवलतीत विकून मोकळा होतो. मूळ कार्डधारकाला स्टेटमेंट आल्यावर हे कळते, तो बँकेकडे तक्रार करतो, बँक रक्कम परत खेचते आणि दुकानसाखळी ते गिफ्ट कार्ड रद्द करते. हे सगळे व्हायला कधी महिनाही जातो. आपण तासाभरात खर्च केलात तरी मागवलेली वस्तू पाठवण्याआधी ऑर्डर रद्द होऊ शकते, किंवा ज्या खात्यात ते कार्ड भरले ते खातेच गोठवले जाऊ शकते. म्हणजे घाई केल्याने विक्रेत्याच्या लबाडीपासून संरक्षण मिळते, कार्डाच्या इतिहासापासून मिळत नाही.

दुसरा स्रोत याहून क्लेशकारक आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याचा फोटो लावलेल्या क्रमांकावरून कर्मचाऱ्याला संदेश येतो की मी बैठकीत आहे, ग्राहकांना देण्यासाठी तातडीने काही गिफ्ट कार्डे घेऊन कोड पाठव. घाबरलेला कर्मचारी स्वतःच्या पगारातून कार्डे घेतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२३ या एका वर्षात गिफ्ट कार्डांद्वारे पैसे उकळल्याच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसानाची बेरीज सुमारे २१.७ कोटी डॉलर होती. ठगाला त्या कोडांचे पैसे करायचे असतात आणि त्याला गिऱ्हाईक मिळते ते या सवलतीच्या बाजारातच. माझ्या कचेरीतल्या एका मुलीचे असे पंचवीस हजार गेले. ते कोड कोणीतरी दहा टक्के सवलतीत घेऊन आनंदाने वापरले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मूळ हिशोबाबद्दलही एक सांगायचे आहे. सवलत आणि जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला कार्ड फुकटात मिळाले आहे तोच पंधरा-वीस टक्के सोडू शकतो. त्यामुळे सवलत वाढली म्हणून जास्त जोखीम परवडते असे मानणे घातक आहे.

साष्टीकर:

मी मडगावात एका दुकानाच्या कॅश काउंटरवर अकरा वर्षे आहे. कार्ड रिकामे निघाल्यावर लोक आमच्यावर चिडतात, म्हणून आमच्या बाजूने काय दिसते ते लिहितो.

आमच्या पडद्यावर शिल्लक दिसते आणि आधीचा वापर कुठे व कधी झाला तेही दिसते. कोणी वापरले ते दिसत नाही. वरच्या कार्यालयाकडे तक्रार पाठवली की पहिला प्रश्न येतो तो कार्ड खरेदीच्या बिलाचा. ज्याच्याकडे बिल किंवा मूळ ईमेल आहे त्याची तक्रार पुढे सरकते. पुनर्विक्रेत्याकडून घेतलेल्या माणसाकडे असतो तो केवळ यूपीआय व्यवहाराचा स्क्रीनशॉट, आणि बहुतेक कार्डांच्या अटींमध्ये पुनर्विक्रीला मनाई आधीच लिहिलेली असते. तिथे आमचे हात बांधलेले असतात.

दुकानात टांगलेली कार्डेही पूर्ण सुरक्षित आहेत असे मी म्हणणार नाही. पिनावरची पट्टी खरवडून, आकडे उतरवून, वर नवी पट्टी चिकटवलेली कार्डे निघतात आणि कार्ड सुरू होताच शिल्लक काढून घेतली जाते. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये यासाठी कायदा केला आणि जून २०२५ पासून कार्डांना छेडछाड उघड करणारे वेष्टन बंधनकारक केले. पण दुकानातून घेतलेले कार्ड असे निघाले तर निदान आमचे बिल तरी ग्राहकाच्या हातात असते.

डिचोलीचा वाचक:

सगळे विकत घेणाऱ्याबद्दल बोलत आहेत. विकणाऱ्याचे काय होते ते माझ्याकडून ऐका. मी नको असलेले कार्ड एका अनोळखी माणसाला ४,६०० रुपयांना विकले. तीन आठवड्यांनी माझ्या बँकेने तेवढी रक्कम खात्यात अडवून ठेवली. मला मिळालेले पैसे दुसऱ्या राज्यातल्या कोणाच्या तरी फसवणुकीतून फिरत आले होते आणि तिथल्या पोलिसांनी पैशाच्या मागावर असलेल्या प्रत्येक खात्याला पत्र पाठवले होते. कार्ड माझेच होते हे दाखवणारी कंपनीची ईमेल मी जपून ठेवली होती म्हणून सुटलो, पण त्याला दोन महिने लागले. काहींचे तर पूर्ण खातेच गोठते आणि मग घरभाडे, हप्ते, मुलांची फी सगळेच अडते. अंत्रुजकर, तीनशे रुपये सोडून आपण ४,७०० मिळवता, पण ते ४,७०० कोणाचे आहेत हे आपल्यालाही माहीत नसते.

ताळगावकर:

कायद्याची बाजू थोडी सविस्तर मांडतो, कारण पैसे गेले तर ग्राहक आयोग आहेच असा समज बऱ्याच जणांचा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार बँका आणि परवानाधारक कंपन्या जी गिफ्ट कार्डे देतात त्यांची कमाल रक्कम १०,००० रुपये असते आणि मुदत किमान एक वर्षाची असावी लागते. परंतु एखादी दुकानसाखळी फक्त स्वतःच्याच दुकानांत चालणारे कार्ड काढते, तेव्हा ते बंद पद्धतीचे साधन मानले जाते आणि त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. त्यामुळे त्याची मुदत आणि अटी दुकानसाखळीच ठरवते. पुनर्विक्रीत पंधरा दिवसांची मुदत उरलेली कार्डे येतात त्यामागे हेही कारण असते.

ई-वाणिज्याबाबतचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम मंचांना आणि व्यावसायिक विक्रेत्यांना लागू आहेत. वैयक्तिक पातळीवर, व्यवसाय म्हणून नव्हे तर क्वचित व्यवहार करणाऱ्या व्यक्तीला ते लागू होत नाहीत, असे त्यांतच म्हटले आहे. नोंदणीकृत मंचाविरुद्ध आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नसते. टेलिग्रामवरच्या बिननावाच्या माणसाविरुद्ध मात्र अर्जात प्रतिवादीचे नाव आणि पत्ता काय लिहिणार? तिथे उरतो तो १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आणि रायबंदरचे सायबर पोलीस ठाणे. त्यातही पहिले काही तास महत्त्वाचे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधीच ती थांबवता येते.

आणखी एक गोष्ट. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चोरीची मालमत्ता स्वीकारणे हा गुन्हा आहे, पण ती चोरीची आहे हे माहीत असणे किंवा तसे मानण्यास कारण असणे आवश्यक आहे. चार टक्के सवलतीने असे कारण निर्माण होते असे मला वाटत नाही. दहा हजारांचे कार्ड सहा हजारांत घेणाऱ्याला मात्र हा प्रश्न विचारला जाऊ शकतो.

अंत्रुजकर:

डिचोलीच्या वाचकांचा अनुभव मला ठाऊक नव्हता आणि तो वाचून मी अस्वस्थ झालो आहे. बार्देशकन्या यांचा मुद्दाही मान्य करतो की तासाभरात खर्च करणे हा पूर्ण उपाय नाही. तरीही एक तक्रार कायम आहे. दुकानसाखळ्यांना हा गोंधळ थांबवायचा असता तर त्यांनी हस्तांतराची अधिकृत सोय केली असती. मी कार्ड परत द्यावे, त्यांनी जुना कोड रद्द करून घेणाऱ्याच्या नावावर नवा कोड द्यावा आणि हवे तर शंभर रुपये शुल्क घ्यावे. मांडवीतीर यांनी सांगितलेली नारळाची अडचण तिथेच संपते. ते न करता केवळ अटींमध्ये मनाई लिहायची आणि न वापरलेली शिल्लक स्वतःकडे ठेवायची, याला मी ग्राहकाचे संरक्षण म्हणणार नाही.

मांडवीतीर:

हस्तांतराच्या सोयीबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण पटते. तशी सोय झाली तर मी माझे मत मागे घेईन. ती होईपर्यंत अनोळखी व्यक्तीबाबतचे मत तेच राहील, मंचांबाबत मात्र मी "घेऊच नये" ऐवजी "हमीची मुदत आणि अटी वाचल्याशिवाय घेऊ नये" असे म्हणेन.

ताळगावकर, पहिल्या काही तासांबद्दल आपण लिहिलेत ते मला फार उशिरा कळले. काउंटरवरून घरी आल्यावर मी १९३० वर तक्रार नोंदवली, पण पैसे देऊन पाच दिवस झाले होते आणि ते एटीएममधून निघून गेले होते. यंदा बहिणीसाठी मिक्सर घेतला तो माझ्या बँकेच्या अ‍ॅपवर तीन टक्के सवलतीत मिळालेल्या कार्डावर. सवलत कमी होती, पण कोड थेट दुकानसाखळीकडून माझ्या ईमेलवर आला आणि बिलावर माझे नाव होते.

अंत्रुजकर:

येत्या शनिवारी आमच्या कामगार प्रतिनिधींची व्यवस्थापनाबरोबर दिवाळीच्या भेटीविषयी बैठक आहे. एकाच साखळीचे कार्ड देण्याऐवजी चार-पाच दुकानांतून निवड करू द्यावी, त्यांत फोंड्यातले एखादे किराणा दुकानही असावे, अशी मागणी मी लेखी देणार आहे. या चर्चेतला डिचोलीच्या वाचकांचा अनुभव, त्यांची हरकत नसेल तर, नाव न घेता सोबत जोडीन.